मरीन ड्राइव्हचा फ्लॅट : पैसा आहे, पण दार उघडेल का?

मुंबईत मरीन ड्राइव्हवरचा उंच छताचा, ऐसपैस जुना फ्लॅट विक्रीला निघतो. भाव जमतो, पण नाव ऐकताच एजंटचा सूर बदलतो. घर घेताना मुसलमानांना येणारी ही अडचण २००६च्या सच्चर अहवालातही नोंदवलेली आहे.

राज्यघटनेचं कलम १५ दुकानं, हॉटेलांत धर्मावरून मज्जाव करू देत नाही. घरविक्रीचा उल्लेख त्यात नाही. २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी सोसायटीचा ‘फक्त पारशी सभासद’ हा नियम वैध ठरवला.

म्हणून टोकन देण्याआधी सोसायटीचे उपविधी वाचा. सोसायटीने सभासदत्व नाकारलं तर नकार लेखी घ्या. सहकार कायद्याच्या कलम २३ नुसार निबंधकाकडे अपील करता येतं. पण मालकच विकायला तयार नसेल तर ही वाट उपयोगाची नाही. त्यासाठी घरांबाबत भेदभावविरोधी कायदाच हवा, असं आम्हाला वाटतं.