टोपलीतले सीताफळ, पाकिटातले सीताफळ

दसरा उलटला की भोकर आणि आसपासच्या डोंगराळ भागातून सीताफळे बाजारात येऊ लागतात. ती कोणी लावलेली नसतात, त्यांना कोणी पाणी घातलेले नसते. माळावर, बांधावर, खडकाच्या फटीत ती आपली आपण वाढतात. पहाटे उठून बाया-पोरे ती तोडतात, डोळे उघडलेली निवडून वेगळी काढतात, टोपलीत पाला घालून रचतात आणि रस्त्याच्या कडेला येऊन बसतात. सकाळी जी बाई भावात एक रुपया सोडत नाही, तीच दिवस कलला की निम्म्या भावात टोपली रिकामी करते. तिचे गणित चुकत नाही. सीताफळ आज कडक, उद्या मऊ आणि परवा फेकण्याच्या लायकीचे. एवढ्या घाईच्या फळाला घासाघीस परवडत नाही.

आता बाजाराचे दुसरे टोक पाहा. मोठ्या शहरातल्या दुकानात चकचकीत पाकिटात फळांचे कुरकुरीत तुकडे मिळतात. मुलांच्या सकाळच्या खाऊत, चॉकलेटच्या वडीत, बिस्किटावर, मिल्कशेकच्या पुडीत तेच तुकडे किंवा त्यांची भुकटी असते. रंग ताज्या फळाचा, वास ताज्या फळाचा, पण पाण्याचा थेंब नाही. इंग्रजीत याला फ्रीझ-ड्राइड म्हणतात, आपण गोठवून वाळवलेले म्हणू. कारखानदार हा माल पाकिटाने नव्हे, खोक्याने आणि टनाने घेतात. त्या टोपलीपासून या खोक्यापर्यंतचे अंतर हा आजचा विषय. ते अंतर यंत्राचे आहे अशी पुष्कळांची समजूत असते. मला तसे वाटत नाही.

आधी ही क्रिया काय आहे ते समजून घेऊ. कपाटातली डांबरगोळी वितळत नाही, ओल धरत नाही, तरी महिना-दोन महिन्यांत झिजून नाहीशी होते. फ्रीजमध्ये विसरून राहिलेले बर्फाचे खडे असेच न वितळता लहान होत जातात. घन पदार्थ मधल्या पातळ अवस्थेत न येता सरळ वाफ होऊन निघून जातो. फळ उणे ३० ते ४० अंशांपर्यंत गोठवायचे, बंद पेटीत ठेवून आतली हवा इतकी ओढून घ्यायची की दाब नेहमीच्या दीडशेव्या भागापेक्षाही खाली जाईल, आणि मग अगदी बेताची ऊब द्यायची. फळातला बर्फ उडून जातो आणि फळाचा सांगाडा जागच्या जागी राहतो. एका घाण्याला बहुधा दिवसभराहून जास्त वेळ लागतो. पॅरिसमध्ये द'आर्सोनव्हाल या शास्त्रज्ञाने १९०६ च्या सुमारास हे प्रयोग केले. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी रक्तद्रव या पद्धतीने वाळवून पाठवला गेला. आपल्याकडे १९६१ साली स्थापन झालेल्या म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांच्या शिध्यासाठी या तंत्रावर काम केले.

कारखानदाराला हा महागडा माल का लागतो? कारण त्याचा खरा वैरी पाणी. चॉकलेटच्या रसात पाण्याचे चार थेंब पडले तरी ते गुठळ्या धरते. मक्याच्या पोह्यात ताज्या फळाची फोड टाकली तर डबा उघडण्याआधीच पोहे नरम. शिवाय वाळलेले फळ हलके, त्याला वाहतूक कमी, शीतगृह नको आणि हंगाम संपला तरी माल हाताशी. अर्थात फळ चांगले म्हणून सौदा चांगला असे नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या नामांकित कंपन्यांनी असे वाळवलेले फळ घातलेले मक्याचे पोहे बाजारात आणले होते. ते चालले नाहीत. फळाचा तुकडा दुधात भिजून मऊ होईपर्यंत पोह्यांचा लगदा होई. फळ उत्तम, पोहे उत्तम, पण दोघांचे भिजण्याचे घड्याळ वेगळे! विकणाऱ्याने आपल्या मालाइतकाच घेणाऱ्याचा पदार्थही जाणून घेतला पाहिजे, तो एवढ्यासाठी.

वाळवण ही विद्या मराठवाड्याला कोणी बाहेरून शिकवायला नको. उन्हाळ्यात आपल्या गच्च्यांवर काय नसते? कुरडया, सांडगे, वाळवलेली गवार, मेथी, कैरीच्या फोडी. बोरे वाळवून केलेल्या बोरकुटाच्या पुड्या आपण शाळेबाहेर चाटल्या आहेत. ज्या फळाचे नाव आणि या गावाचे नाव एकच, ते चिकट भोकरसुद्धा आपल्या बायकांनी लोणच्यात घालून बरणीत टिकवले. सीताफळापुढे मात्र सगळ्यांनी हात टेकले. उन्हात ठेवले तर गर काळा पडतो. आटवायला घेतला तर ६५ अंशांच्या आसपास कडवटपणा येऊ लागतो आणि रंग गुलाबी होतो. सीताफळाचा जॅम आपल्या फडताळात कधी आला नाही, याचे कारण हे. त्याला आच चालत नाही, थंडी चालते. मुंबईत जुहूला १९८४ साली रघुनंदन कामत यांनी नॅचरल्सचे दुकान उघडले, तेव्हापासून सीताफळाच्या आइस्क्रीमने शहरी माणसाला वेड लावले, तेही थंडीच्याच वाटेने. गोठवून वाळवणे ही त्याच वाटेवरची पुढची पायरी.

हिशेब मांडून पाहू. १०० किलो सीताफळातून साल आणि बिया गेल्या की ढोबळमानाने ४० किलो गर हाती लागतो. त्यात तीन चतुर्थांश पाणी. म्हणजे वाळल्यावर उरतात १० किलो, फार तर ११. एक किलो भुकटीसाठी नऊ-दहा किलो फळ लागते. गरम हवेने वाळवण्यापेक्षा या पद्धतीचा खर्च चार ते आठ पट येतो, असे जाणकार सांगतात. उन्हाचे बिल येत नाही, निर्वात पेटीचे येते. तेव्हा शेवटी जो भाव मिळायचा तो मोठा हवा, आणि मोठा भाव देणारा माणूस मोठ्या अटी घालतो.

ठोक खरेदीदार आधी नमुना मागतो आणि नमुन्यासोबत कागद. त्या कागदावर लिहिलेले असते : ओलावा तीन-चार टक्क्यांच्या आत, तुकडा अमुक मिलिमीटरचा किंवा भुकटी अमुक चाळणीतून गाळलेली, जिवाणू आणि बुरशी ठरलेल्या मर्यादेत, २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला अजिबात नाही, कीटकनाशकाचा अंश मर्यादेत, आतून ॲल्युमिनियमचे अस्तर असलेली हवाबंद पिशवी, प्रत्येक घाण्याचा क्रमांक आणि प्रयोगशाळेचा दाखला. भुकटी मोकळी राहावी म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन नावाचे पिठूळ द्रव्य मिसळले असेल तर किती, हेही सांगावे लागते, नाहीतर फळाच्या भावात पीठ विकल्यासारखे होते. पुढे खरी मेख असते. पहिल्या खोक्यात जे होते तेच शंभराव्या खोक्यात असले पाहिजे. खरेदीदार फळाला पैसे मोजतोच, पण त्याहून जास्त मोजतो ते सारखेपणाला.

आणि सीताफळाच्या अंगी सारखेपणा मुळातच नाही. दोन शेजारच्या रानझाडांची फळे चवीला एक नसतात. बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडलेल्या एनएमके-१ गोल्डन या वाणाचे महत्त्व त्यातच आहे. गर जास्त, बिया कमी, फळ टिकाऊ आणि बागेतले प्रत्येक झाड एका वळणाचे. अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकन गावाची ओळख सांगते, पिशवीतल्या ओलाव्याची हमी देत नाही.

माझी उमेद बँकेत गेली. त्या काळात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी टोमॅटोच्या गराचा एक कारखाना उभा राहताना आणि बसताना मी पाहिला. मालक उमदा, पदवीधर, कष्टाळू. शेड झाली, यंत्र आले, फीत कापून झाली. हैदराबादच्या एका व्यापाऱ्याने पहिला माल उचलला आणि वाखाणला. दुसरा माल पातळ निघाला, तिसरा आंबट. व्यापाऱ्याने पत्र पाठवले, मालकाने ते माझ्यासमोर टेबलावर टाकले आणि म्हणाला, "साहेब, टमाटे काय मी साच्यातून काढायलोय का?" त्याचे म्हणणे शेतकऱ्याचे म्हणून शंभर टक्के खरे होते. पुरवठादाराचे म्हणून ते चालण्यासारखे नव्हते. व्यापारी गेला, हप्ते थकले आणि काही वर्षांनी ते यंत्र भंगाराच्या भावाने गेले. त्या प्रकल्प अहवालात यंत्राच्या किमतीला चार पाने होती. 'माल कोण घेणार?' या प्रश्नाला एक ओळ होती : भरपूर मागणी आहे.

अशा 'भरपूर मागणी'ने किती घरे बसवली याची मोजदाद कोणी ठेवत नाही. २०२० साली आलेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पाच्या खर्चावर ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवले होते. योजना वाईट नव्हे, पण अनुदानाची एक खोड असते. ते डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूकडे ओढ घेते. यंत्राचे उद्घाटन करता येते, फोटो काढता येतो. रोज सकाळी हात धुण्याच्या, प्रत्येक घाण्याची नोंद ठेवण्याच्या, कमअस्सल माल मागे काढण्याच्या सवयीचे उद्घाटन कसे करणार?

अशी सवय सामान्य बायकांनी लावून दाखवल्याची उदाहरणे मात्र आपल्याकडे आहेत. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पीठ एका ठिकाणी मळायचे, लाट्या घरोघर न्यायच्या, पापड लाटून-वाळवून आणायचे आणि तपासून घ्यायचे. घरे हजारो, हात हजारो, पापड एक! त्या संस्थेने पापडाइतकाच सारखेपणा विकला. अलीकडचे उदाहरण मराठवाड्यात रुजलेल्या एस-फोर-एस टेक्नॉलॉजीज या कंपनीचे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या वैभव तिडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हावर चालणारे वाळवणयंत्र तयार केले. शेतकरी बायका आपल्या दारात भाजीपाला वाळवतात, कंपनी तो घेते आणि अन्नपदार्थांच्या कारखान्यांना पुरवते. २०२३ साली या कामाला दहा लाख पौंडांचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. हे गोठवून वाळवणे नव्हे, उन्हाचे वाळवण आहे. पण त्यातला धडा आपल्या कामाचा आहे. बाईच्या दारात यंत्र आले ते गिऱ्हाईक बरोबर घेऊन.

म्हणून भोकरच्या, किंवा जिथे जिथे हे फळ मातीमोल होते तिथल्या जाणत्या मंडळींना माझे सांगणे सरळ आहे. गोठवून वाळवण्याचे यंत्र सर्वात शेवटी घ्या. आधी एका खरेदीदाराचा तो अटींचा कागद आणा आणि मराठीत करून भिंतीवर लावा. मग स्वच्छ खोलीत फळ फोडून, बिया काढून गर तयार करायला आणि तो उणे १८-२० अंशांवर गोठवून ठेवायला शिका. एवढे जमले तरी आजचे सीताफळ परवा फेकावे लागत नाही आणि आइस्क्रीमवालाही तुमचे गिऱ्हाईक होतो. वाळवण दुसऱ्याच्या कारखान्यात मजुरीवर करून घ्या, दोन हंगाम त्याचे दाखले जमवा. त्यानंतर तुम्ही बँकेच्या दारात गेलात तर मॅनेजर तुमचे तारण पाहण्याआधी तुमची वही पाहील. सरकारला काही द्यायचेच असेल तर त्याने तालुक्यांच्या आवाक्यात एक चांगली तपासणी प्रयोगशाळा द्यावी. दहा यंत्रांपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

एक गोष्ट खरेदीदारांनाही सांगितली पाहिजे. सीताफळाचा हंगाम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. टोपलीवाल्या बाईला पैसे त्याच संध्याकाळी लागतात. कंपनीचा धनादेश मात्र दोन-दोन, तीन-तीन महिने वाट पाहायला लावतो. मधला काळ कोणाच्या खिशातून निघायचा? लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करावेत असा कायदा २००६ सालीच झाला. पण लहान माणूस मोठ्या गिऱ्हाइकावर कायदा चालवत नाही, कारण त्याला पुढच्या वर्षीही माल विकायचा असतो. कारखानदाराला शंभरावे खोके पहिल्यासारखे हवे असेल तर त्याने हंगामाआधी करार करावा, थोडी उचल द्यावी आणि पैसे वेळेवर मोकळे करावेत. सारखेपणाची अट दोन्हीकडून पाळली गेली पाहिजे.

राहता राहिलो आपण, घरात पाकीट फोडणारे. पाकिटावर फळाचे मोठे चित्र असले की पाठ उलटून पाहावी. घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ज्या पदार्थाचे चित्र किंवा नाव मिरवले आहे त्याची टक्केवारी द्यावी, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पुढच्या बाजूला सबंध सीताफळ आणि मागच्या बाजूला दोन टक्के भुकटी व बाकी 'सुवास' असे दिसले, तर ते दोन टक्के पाहून पाकीट खाली ठेवणारे गिऱ्हाईक वाढले पाहिजे. दोनाचे पाच झाले तर त्या तीन टक्क्यांत कुठल्या तरी माळरानावरच्या कितीतरी टोपल्या मावतात.

निजामाच्या अमदानीपासून आपला कापूस बाहेर गेला आणि कापड होऊन परत आला. सीताफळाच्या नशिबी तेच यायला नको असेल, तर केवळ ऊन, माती आणि कष्ट यांच्या भरवशावर राहून चालणार नाही. त्या तिन्हींची आपल्याकडे कधी वाण नव्हती. वाण होती ती नोंदवहीची, आणि ती लिहायला फार मोठे भांडवल लागत नाही.