रक्ताला विचारा, पण नीट विचारा

"आठवड्यातून किती वेळा मासे खाता?" या प्रश्नाचं अचूक उत्तर सहसा कुणी देत नाही. मुद्दाम खोटं बोलतात असं नव्हे, आठवतच नाही! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा. युजर शपथेवर सांगतो, "मी काहीच बदललं नाही." मग आपण गुपचूप लॉग उघडतो.

आहाराचाही एक लॉग असतो, रक्तात. माशांतून मिळणारी ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं तांबड्या पेशींच्या आवरणात जाऊन बसतात. ही पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे कालच्या पार्टीचा नव्हे, गेल्या काही महिन्यांचा हिशोब मिळतो. आवरणातल्या एकूण मेदाम्लांत या दोघांचा टक्का किती, तो ओमेगा-३ इंडेक्स. हॅरिस आणि फॉन शाकी यांनी २००४ मध्ये तो मांडला. ८ किंवा जास्त चांगला, ४ च्या खाली कमी.

चाचणी झकास आहे. माझा आक्षेप आहे तो तिचा अर्थ लावण्यावर.

भंडारा जिल्ह्यातलं कोंढा घ्या. समुद्र कुठल्या कुठे! पण जिल्हा तलावांचा. इथल्या मामा तलावांत (म्हणजे माजी मालगुजारी) मिळतात रोहू, मरळ, शिंगी. गोड्या पाण्यातल्या अशा माशांत ईपीए-डीएचए बांगडा-तारलीपेक्षा सहसा बरंच कमी. समजा, कोंढ्यातला एक जण आठवड्याला दोनदा रोहूचा रस्सा ओरपतो आणि मालवणातला दोनदा बांगडा. आकडे सारखे येतील? शक्यता कमीच. उलट पुण्यातला कुणी माशाला हातही न लावता कॅप्सूल गिळून दोघांच्या पुढे जाईल. जवसाची चटणी मात्र आकडा फारसा हलवत नाही, कारण जवसातल्या ओमेगा-३ चं शरीर फार थोडं ईपीए बनवतं, डीएचए तर नावालाच.

लॉग खोटं बोलत नाही, पण त्यात तेवढंच असतं जेवढं नोंदवायला सांगितलंय. इथे नोंद मेदाम्लांची आहे, माशांची नाही.

उद्या एखाद्या पाहणीने नुसते आकडे बघून "भंडाऱ्यात मासे कमी खातात" असं ठरवलं, तर ताटातली प्रथिनं आणि ती पुरवणारे तलाव दोन्ही हिशोबातून गायब! म्हणून रक्त तपासाच, पण सोबत विचारा: कुठला मासा, कुठल्या पाण्यातला?

आणि हो, चाचणीच्या पॅकेजमध्ये तुमचा आकडा कमी आला तर कॅप्सूल मागवण्याआधी हाच प्रश्न स्वतःलाही विचारा.