उंदराचा रक्तदाब आणि शेतावरची लाइन

शेतावरून ४०० किंवा ७६५ केव्हीची लाइन जाणार म्हटलं की आरोग्याचा प्रश्न निघतोच, आणि विद्युत क्षेत्रात ठेवलेल्या प्राण्यांचा रक्तदाब वाढतो, हा दाखला कधीतरी पुढे येतो. ही शंका हवेतून आलेली नाही. १९६०च्या दशकात सोव्हिएत संघातल्या उच्चदाब स्विचयार्डांमधल्या कामगारांनी डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी केल्या. रक्ताभिसरणातल्या बदलांच्याही नोंदी झाल्या. त्यानंतर प्रयोगशाळांत उंदीर आले. पण उंदराचा रक्तदाब मोजणं सोपं नाही. नेहमीच्या पद्धतीत त्याला अरुंद नळीत अडकवतात, शेपटी शेकतात आणि तिच्याभोवती पट्टा आवळतात. अशा अवस्थेत कुणाचा दाब जागेवर राहील? शिवाय तीव्र क्षेत्रात अंगावरचे केस थरथरतात, पाण्याच्या नळीला तोंड लागताच बारीक झटका बसू शकतो. त्यामुळे वाढलेला आकडा क्षेत्राचा की छळाचा, हे वेगळं काढल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

अमेरिकेतल्या बॅटेल प्रयोगशाळेच्या हिल्टन आणि फिलिप्स यांनी १९८०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांना मीटरला १०० किलोव्होल्टपर्यंतच्या क्षेत्रात ठेवलं होतं. रक्तदाबात किंवा हृदयगतीत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, हा आक्षेप इथे रास्तच आहे. उभ्या माणसाच्या डोक्याशी क्षेत्र सुमारे १८ पट एकवटतं, उंदराच्या पाठीवर जेमतेम पावणेचार पट. पण हिशेब पुरा करू. लाइनखाली क्षेत्र फार तर मीटरला १२ किलोव्होल्टपर्यंत जातं, म्हणजे डोक्याशी २१६. त्या उंदरांच्या पाठीवर ते ३७०च्या घरात होतं. घरात तर भिंतीच क्षेत्र बरंचसं अडवतात. बालकांमधल्या रक्ताच्या कर्करोगाची चर्चा होते ती चुंबकीय क्षेत्राबद्दल. तो प्रश्न निराळा, आणि त्याला भिंत आडवी येत नाही.

काहीच सिद्ध झालं नाही म्हणजे सगळं सुरक्षित, असं नव्हे, हेही खरं. म्हणून लोकांसाठी मीटरला ५ किलोव्होल्टची आंतरराष्ट्रीय संदर्भमर्यादा आहे, आणि लाइनखाली प्रत्यक्ष मोजणी मागण्याचा आग्रह योग्यच आहे. मात्र शेतकऱ्याची बाजू उंदरावर टेकवणं घातक: तज्ज्ञाने तो दाखला खोडला की जमिनीबद्दलची मूळ तक्रारही खोडल्यासारखी वाटते. आणि मूळ तक्रार भक्कम आहे. १८८५च्या टेलिग्राफ कायद्यातले अधिकार वापरून लाइन जमीन संपादन न करताच नेता येते. तारेखाली झाड वाढवता येत नाही, घर बांधता येत नाही, सातबारा मात्र शेतकऱ्याच्याच नावावर राहतो.