उंची मोजली, दुखणे राहिले



ॲकॉन्ड्रोप्लेझिया हे नाव अवघड आहे, पण आखूड हातापायांची, चार फुटांची बाई आपण लोकलमध्ये पाहिलेली असते. लोक वळून बघतात, पोरे हसतात. तिची कंबर दुखते का, हे कोणी विचारत नाही.

दुखते. या स्थितीत पाठीच्या कण्यातली मज्जारज्जूची वाट जन्मापासूनच अरुंद असते. वय वाढते तशी ती आणखी आवळते, नसा दाबल्या जातात. थोडे चालले की पायांना मुंग्या येतात, पाय जड होतात. उकिडवे बसले, पुढे वाकले की वाट जरा मोकळी होते आणि बरे वाटते. म्हणून ती जिन्यात बसते, फलाटावर बसते, पोळ्या अर्ध्यावर टाकून बसते. घरात याला नाव मिळते कामचुकारपणा! नवरा बसला तर तो दमलेला असतो.

त्यात ओटा दुसऱ्याच कुणाच्या मापाचा. खांदे उचलून लाटायचे, पिंपात ओणवे होऊन पाणी काढायचे. 2014 साली घाटकोपरला गाडी आणि फलाटाच्या पोकळीत पडून एका मुलीने दोन्ही हात गमावले. मग उच्च न्यायालयाने लक्ष घातले, फलाट उंच होऊ लागले. तरी आखूड पायांना ती चढण मोठीच.

1995च्या अपंग कायद्यात ठेंगणेपणा नव्हता, 2016च्या कायद्यात आला. हे कमी नाही. पण व्याख्या काय, तर प्रौढपणी 4 फूट 10 इंच किंवा कमी उंची. दुखण्याचा त्यात शब्द नाही. 2021 साली अमेरिकेत मान्य झालेले औषधही वाढत्या मुलांची उंची वाढवण्यासाठीच.

लघवीवरचा ताबा सुटू लागणे ही तर धोक्याची खूण. तेव्हा तातडीने उपचार हवेत, आणि नेमके हेच बाई लाजेने लपवते.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या आपल्या आरोग्य शिबिरांत यापुढे अशा मैत्रिणींना विचारू या: किती चालल्यावर बसावे लागते? पाय बधिर होतात का? लघवी आवरते का? उत्तर काळजीचे असेल तर मणक्याच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी द्यावी आणि सोबत एक कार्यकर्ती पाठवावी. एकट्या गेलेल्या बाईला ‘वजन कमी करा’ एवढे सांगून परत पाठवतात.