समसमाज का हरला?

श्रीलंकेतील लंका समसमाज पक्षाचे नाव आजच्या तरुण कार्यकर्त्यांना फारसे परिचित नसेल. १९३५ साली स्थापन झालेला हा पक्ष एके काळी आशियातील समाजवाद्यांच्या कौतुकाचा विषय होता. १२ ऑगस्ट १९५३ रोजी या पक्षाने इतर डाव्या पक्षांसह हरताळ पुकारला. शिधावाटपातील तांदळाचा भाव मापामागे २५ सेंटांवरून ७० सेंटांवर नेणाऱ्या सरकारला जनतेने असा हादरा दिला की, दोन महिन्यांत पंतप्रधान डडली सेनानायके यांना पायउतार व्हावे लागले. त्याच पक्षाला १९७७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत एकही जागा मिळाली नाही. या चोवीस वर्षांत श्रीलंकेतील वर्गभेद मिटले नव्हते. तरीही माणूस आधी श्रमिक आणि मग सिंहली किंवा तमिळ, हा विश्वास मात्र ढासळला होता. तो का ढासळला, हा प्रश्न केवळ त्या बेटापुरता नाही.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. राष्ट्रवाद म्हणजे सत्ताधारी वर्गाने श्रमिकांच्या डोळ्यांत फेकलेली धूळ, हे पहिले. सिंहली व तमिळ यांचे वैर दोन हजार वर्षांचे आहे, ते उफाळणारच होते, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत हे मानववंशशास्त्रज्ञांनी श्रीलंकेतील गावे, विहार, शाळा आणि विधी यांच्या प्रत्यक्ष अभ्यासातून दाखवून दिले. त्यांचे निष्कर्ष समाजवादी कार्यकर्त्याने मुळातून समजून घेतले पाहिजेत.

गणनाथ ओबेसेकरे यांनी १९७० साली ‘प्रॉटेस्टंट बौद्ध धर्म’ ही संकल्पना मांडली. वसाहतकाळात शहरी सिंहली मध्यमवर्गाने ख्रिस्ती मिशनऱ्यांना विरोध करताना त्यांचीच साधने उचलली. रविवारच्या शाळा, प्रश्नोत्तरी, छापील पत्रके, तरुणांच्या संघटना हे सारे मिशनऱ्यांकडून आले. या चळवळीचे अग्रणी अनागारिक धर्मपाल (१८६४–१९३३) हे स्वतः मिशनरी शाळांत शिकलेले, व्यापारी घराण्यातले. सिंहली लोक ‘आर्य’ आहेत हा त्यांचा दावाही युरोपीय भाषाशास्त्राच्या आधारानेच उभा राहिला होता. म्हणजे जे पुरातन म्हणून मिरवले गेले, त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकात घडले होते. ‘महावंस’ या पाली बखरीतील दुट्ठगामणी आणि एळार यांच्या युद्धाचेही तेच झाले. मूळ ग्रंथ एळाराला न्यायी राजा म्हणतो आणि विजयी दुट्ठगामणीने त्याच्या समाधीला मान देण्याची आज्ञा केली, असेही सांगतो. आधुनिक प्रचाराने ते सारे झाकून ही कथा केवळ तमिळांवरील सिंहलींच्या विजयाची केली.

परंतु बनवलेली गोष्ट खोटी म्हणून दुबळी असते, असे समजणे ही घोडचूक ठरेल. ती लोकांनी स्वीकारली, कारण तिच्या मुळाशी खरा अपमान होता. इंग्रजी जाणणारे शेकडा दहांच्या आत, पण प्रतिष्ठेच्या साऱ्या नोकऱ्या त्यांच्याच हाती. १९४५ पासून मोफत शिक्षण सुरू झाले आणि मातृभाषेत शिकलेल्या तरुणांची फळी उभी राहिली. त्यांना सरकारी कचेरीचे दार मात्र बंदच होते. गावचा शिक्षक, आयुर्वेदिक वैद्य आणि विहारातील भिक्खू हे तिघे या असंतोषाचे वाहक बनले. १९५६ साली त्यांच्याच खांद्यावरून सॉलोमन बंडारनायके सत्तेवर आले, आणि लागलीच केवळ सिंहली ही राजभाषा ठरवणारा कायदा झाला. इंग्रजीविरुद्धची न्याय्य तक्रार अशा रीतीने तमिळांविरुद्ध वळवली गेली. पुढे बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी १९५७ साली केलेला करार भिक्खूंच्या दडपणाखाली १९५८ मध्ये मोडला. १९५९ मध्ये एका भिक्खूनेच त्यांची हत्या केली.

समसमाज पक्षाची १९५६ मधील भूमिका निःसंशय योग्य होती. एक भाषा लादाल तर दोन राष्ट्रे होतील, असा इशारा कोल्विन आर. डिसिल्वा यांनी संसदेत दिला. त्याआधी १९४८ साली मळ्यांतील तमिळ मजुरांचे नागरिकत्व हिरावणाऱ्या कायद्यालाही पक्षाने विरोध केला होता. मात्र त्याचे बळ शहरांतील आणि मळ्यांतील कामगार संघटनांत होते. गावातील शिक्षक आणि भिक्खू यांच्या रोजच्या जगात त्याला स्थान नव्हते. हे जग जिंकण्याचे कष्टाचे काम टाळून त्याने शरणागतीचा जवळचा रस्ता धरला. १९६४ साली तो सिरिमावो बंडारनायके यांच्या सरकारात सामील झाला. जानेवारी १९६६ मध्ये तमिळ भाषेला मर्यादित स्थान देणाऱ्या नियमांविरुद्धच्या निदर्शनांत त्याने भाग घेतला. बौद्ध धर्माला अग्रस्थान देणारी १९७२ ची राज्यघटना घडवणारे मंत्री तर डिसिल्वाच होते. इतके देऊनही मते मिळाली नाहीत. राष्ट्रवादच हवा असेल तर लोक अस्सल दुकानातूनच घेतात.

ब्रूस कॅप्फरर यांनी १९८८ च्या आपल्या ग्रंथात सिंहली भूतबाधाविधी आणि राष्ट्रवाद यांतील विश्वकल्पनेचे साम्य दाखवले. ही मांडणी मर्मग्राही आहे. मात्र तिच्यातून हिंसा संस्कृतीतच मुरलेली आहे असा अर्थ निघू शकतो, आणि तो धोकादायक आहे. जुलै १९८३ च्या हत्याकांडात कोलंबोतील हल्लेखोरांच्या हाती मतदारयाद्या होत्या. याद्या विधींतून येत नाहीत, त्या कोणीतरी पुरवाव्या लागतात. १९५६ साली गल ओया खोऱ्यात विद्यार्थ्यांसह पाहणी करताना दंगलीत सापडलेले स्टॅन्ली तंबय्या यांनी पुढे याच अंगावर, म्हणजे संघटना, राजकारण आणि नोकऱ्यांची स्पर्धा यांवर भर दिला, तो यथार्थ होय.

मे २००९ मध्ये यादवी युद्ध संपले. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत नॅशनल पीपल्स पॉवर या डाव्या आघाडीने २२५ पैकी १५९ जागा जिंकल्या आणि तमिळ जाफना जिल्ह्यातही सर्वाधिक मते मिळवली. याच आघाडीचा मुख्य पक्ष, जनता विमुक्ती पेरमुना, १९८७ च्या भारत–श्रीलंका कराराविरुद्ध सशस्त्र बंडाला उभा ठाकला होता. आर्थिक संकटाने दिलेली ही संधी टिकाऊ ठरेल की नाही, हे उत्तरेकडील जनतेला भाषा, जमीन आणि सत्तेत खरा वाटा मिळतो की नाही यावरून ठरेल.

समसमाजवाद्यांची अर्थनीती चुकली नव्हती. पण भाकरीचा हिशेब मांडणाऱ्याने माणसाच्या मानाचा हिशेबही मांडला पाहिजे, आणि तो शाळेच्या ओट्यावर व उत्सवाच्या मंडपात बसून मांडला पाहिजे. ती जागा रिकामी राहिली तर दुसरा कोणी येऊन बसतो. मग तेथे जाऊन त्याचीच भाषा बोलणे हा समाजवाद नव्हे.