प्रत्येक कळीमागे साहेब?

आमच्या जालन्याच्या बद्रीनारायण बारवाल्यांचं नाव निघालं की लोकांना १९९८चं वर्ल्ड फूड प्राइझ आठवतं. २०१७ साली ते गेले. मला मात्र त्यांची काम सोपवायची रीत जास्त भावते. १९६४ साली 'महिको' काढली आणि बियाणं पिकवायला दिलं ते शेतकऱ्यांच्याच रानात! संकरित कपाशीत संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे, सकाळी नर झाडाचे परागकण लावायचे. कळ्या सुटल्या की बियाण्यात भेसळ. प्रत्येक कळीमागे साहेब कुठून उभा करणार? नीट शिकवायचं आणि विश्वास टाकायचा. (हल्ली याला 'एम्पॉवरमेंट' म्हणतात. असो!)

एक गोष्ट मात्र खुपते. हे क्रॉसिंग करणारे हात बहुतेक बायकांचे. सगळी जबाबदारी त्यांच्या बोटांवर, पण भाव ठरवताना त्यांना कोण विचारतं?