परक्या त्वचेला थारा

एकाची त्वचा दुसऱ्याच्या अंगावर टिकत नाही. शरीर तिला परकी म्हणून ओळखते आणि दीड-दोन आठवड्यांत झिडकारते. गंभीर भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर मात्र हीच परकी त्वचा बरेचदा तीन-चार आठवडे टिकते. डॉक्टरांना ते सोयीचे पडते. पण आपले कोण नि परके कोण, हे पाहणारा पहारेकरीच जागेवर नाही, असा त्याचा अर्थ. जे शरीर दुसऱ्याची कातडी हाकलू शकत नाही, ते जंतूंना काय हाकलणार?

त्वचेचा अडसर गेलेलाच असतो. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाबरोबर प्रतिपिंडेही वाहून जातात. पांढऱ्या पेशींची जंतू मारण्याची ताकद घटते. जळून मेलेल्या थराला रक्तपुरवठा नसतो. त्यामुळे शिरेतून दिलेले अँटिबायोटिक तिथे पोहोचत नाही. स्यूडोमोनाससारखे जंतू नेमके तिथेच फोफावतात. पहिले काही दिवस तग धरलेला रुग्ण अनेकदा पुढच्या आठवड्यात सेप्सिसने, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गाने जातो. बातमीत मात्र ‘उपचारादरम्यान मृत्यू’ एवढेच येते आणि खापर आगीवर फुटते.

मेलेला थर लवकर काढणे आणि जखम झाकणे, हा यावरचा मार्ग. पण निम्मे अंग भाजलेल्या माणसाने स्वतःची त्वचा आणायची कुठून? अशा वेळी मृताची दान केलेली त्वचा कामी येते. ती कायमची राहत नाही. मात्र असते तोवर जंतूंना अटकाव करते, द्रव वाहून जाऊ देत नाही, वेदना कमी करते. मुंबईत शीवच्या टिळक रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ इथला पातळ थर काढतात. चेहऱ्याला हात लावत नाहीत. रक्तगट जुळवावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली त्वचा पाच वर्षांपर्यंत वापरता येते.

तरीही नेत्रदानाचा अर्ज हौसेने भरणारे घर त्वचेचे नाव काढताच गप्प होते. देहाची विटंबना होईल, म्हणे. जो देह काही तासांत चितेवर ठेवायचा, त्याची कसली विटंबना? जी त्वचा आगीतून वाचलेल्याला जगवू शकते, ती आपण जाणूनबुजून आगीत घालतो.

घरात कुणी गेले, तर नेत्रपेढीबरोबर त्वचापेढीलाही फोन करा. आणि तो सहा तास उलटण्याआधी करा.